मौनाचे व्याकरण : बहुकर्तृक व्यवस्थांच्या घटनाप्रेरित पूर्वानुमानी नियंत्रणाची एक चिकित्सा

नियंत्रणशास्त्र ही अभियांत्रिकीची शाखा गणिताच्या भाषेत बोलते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बव्हंशी खराही आहे. तथापि गेल्या पंचवीस वर्षांत ‘घटनाप्रेरित नियंत्रण’ या नावाने जे विपुल वाङ्मय निर्माण झाले आहे, त्यातील प्रमेयांच्या भोवतीचा मजकूर वाचू लागले म्हणजे निराळेच शब्द पुढे येतात. तेथे ‘कर्ते’ आहेत, त्यांचे ‘शेजारी’ आहेत. ते एकमेकांना निरोप धाडतात, एकमेकांचे ऐकतात आणि अखेरीस ‘मतैक्य’ साधतात. हे सारे शब्द भाषाव्यवहारातून उचललेले आहेत. ‘मतैक्य’ या शब्दाचा प्रवास तर उघडच दिसतो : संख्याशास्त्रज्ञ मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ साली माणसांचा एखादा गट परस्परांची मते विचारात घेत एकमतास कसा पोचतो याचे गणित मांडले, आणि पुढे तेच गणित व तोच शब्द वाहने, यंत्रमानव व संवेदक यांच्याकडे आला. उसना घेतलेला शब्द आपली गृहीतेही बरोबर घेऊन येतो. या वाङ्मयाची प्रमेये तपासणे हे गणितज्ञाचे काम होय. परंतु त्याच्या गृहीतांपैकी एक असे आहे की त्याची तपासणी भाषाशास्त्रानेच करावी. ते गृहीत मौनाविषयीचे आहे.

विषय अपरिचित असल्याने प्रथम त्याची साधी मांडणी करणे इष्ट ठरेल. रस्त्यावरून एकामागून एक अशा मालमोटारी ठराविक अंतर राखून चालल्या आहेत आणि प्रत्येकीतील संगणक आपली स्थिती मागच्या मोटारीस बिनतारी संदेशाने कळवतो आहे, अशी कल्पना करावी. जुन्या पद्धतीनुसार हा संदेश घड्याळाच्या ठोक्यावर जातो. सांगण्यासारखे काही असो वा नसो, सेकंदाच्या दहाव्या भागागणिक एक निरोप ठरलेला. घटनाप्रेरित पद्धती याला उधळपट्टी समजते. तिच्या मते प्रत्येक मोटारीने आपली आताची स्थिती आणि आपण शेवटी कळवलेली स्थिती यांतील फरकावर लक्ष ठेवावे. तो फरक ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला तरच तोंड उघडावे. फरकाने मर्यादा ओलांडणे, हीच येथील ‘घटना’.

या कल्पनेला प्रतिष्ठा प्राप्त करून देणारा लेख स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या कार्ल योहान ओस्ट्रोम आणि बो बर्नहार्डसन यांनी १९९९ साली सादर केला. त्यांनी अगदी साधी व्यवस्था घेतली : यादृच्छिक क्षोभाने इकडेतिकडे भरकटणारी एकच राशी, आणि तिला पुन्हा शून्यावर आणणारा नियंत्रक. दोन्ही पद्धतींत हस्तक्षेपांची सरासरी संख्या सारखीच ठेवली, तर घटनाप्रेरित पद्धतीत विचलनाच्या वर्गाची सरासरी कालबद्ध पद्धतीच्या एक-तृतीयांश राहते, असे त्यांनी दाखवले. हा निष्कर्ष सुंदर आहे आणि त्याची सिद्धताही निर्दोष आहे. २००७ साली पाउलो तबुआदा यांनी या विचारास स्थैर्याच्या सर्वसामान्य सिद्धांताची बैठक दिली. त्यानंतर लेखांचा जो ओघ सुरू झाला तो अद्याप आटलेला नाही. त्यांतील असंख्य लेखांची प्रस्तावना एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटते : संदेशवहनाची साधने मर्यादित आहेत, घड्याळी पद्धती ती वाया घालवते, म्हणून घटनाप्रेरित पद्धती हवी. मूळ निष्कर्ष एकाच राशीचा, एकाच नियंत्रकाचा आणि कधीही न हरवणाऱ्या निरोपाचा होता, ही गोष्ट या प्रस्तावनांत हळूहळू विरून गेली.

येथे ‘घटना’ या शब्दाविषयी थोडे थांबले पाहिजे. मराठीत घटना म्हणजे जे घडले ते; राज्याची घटना हा दुसरा अर्थ येथे अर्थातच अभिप्रेत नाही, जरी विनोदाने असे म्हणता येईल की तो अर्थच वस्तुस्थितीस अधिक जवळचा आहे. कारण या वाङ्मयातील घटना जगात घडत नाही, ती आधी लिहून ठेवलेल्या नियमानुसार घोषित होते. मालमोटारीपुढे गाय आडवी आली ही घटना नव्हे; त्यामुळे वेग बदलून कळवलेल्या आणि खऱ्या स्थितींतील फरक मर्यादेपलीकडे गेला, ही घटना. मर्यादा कोणी व किती ठेवली यावर घटनांची संख्या अवलंबून असते. तेव्हा ‘घटनांनी प्रेरित’ याचा खरा अर्थ ‘रचनाकाराने सांगण्याजोगे ठरवलेल्या फरकांनी प्रेरित’ एवढाच होय. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट नवी नाही. ध्वनींतील अगणित भेदांपैकी कोणते भेद अर्थभेदक मानायचे हे प्रत्येक भाषा ठरवते आणि उरलेले तिच्या लेखी घडतच नाहीत.

‘कर्ता’ हा शब्दही असाच तपासण्याजोगा आहे. मूळ इंग्रजी शब्द मराठीत ‘एजंट’ म्हणून रुळला, तो दुसऱ्याचे काम दुसऱ्याच्या वतीने करणाऱ्या विमा-एजंटाच्या अर्थाने; उलट पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगितले ते स्वातंत्र्य. या वाङ्मयातील कर्ता दोहोंपैकी कोणता? रेझा ओल्फाती-साबेर आणि रिचर्ड मरे यांच्या २००४ सालच्या प्रसिद्ध लेखातील कर्ता आपली स्थिती शेजाऱ्यांच्या स्थितीकडे ठराविक सूत्रानुसार सरकवतो. त्यात त्याला निवडीस जागा नाही. घटनाप्रेरित पद्धतीत मात्र त्याला एक निवड लाभते : बोलावे की गप्प राहावे. त्याचे सारे कर्तृत्व या एका ठिकाणी एकवटलेले आहे. म्हणूनच त्याच्या मौनाचा विचार हा या वाङ्मयाचा गाभा असावयास हवा होता.

दिमोस दिमारोगोनास, एमिलिओ फ्रात्सोली आणि कार्ल हेन्रिक योहानसन यांचा २०१२ सालचा लेख बहुकर्तृक व्यवस्थेतील घटनाप्रेरित नियंत्रणाचा आधारग्रंथच समजला जातो. त्यातील एक अडचण विलक्षण बोलकी आहे. कर्त्याने केव्हा बोलावे याचा जो नियम तेथे दिला आहे, त्यात शेजाऱ्यांच्या चालू स्थितीचा समावेश आहे. म्हणजे आपण केव्हा बोलायचे हे ठरवण्यासाठी कर्त्याने शेजाऱ्यांकडे अखंड कान लावून बसावयाचे. बोलणे वाचले, ऐकणे वाढले. लेखकांना ही अडचण ठाऊक होती आणि म्हणूनच त्यांनी त्याच लेखात पुढील बोलण्याची वेळ आधीच ठरवून ठेवणाऱ्या स्वयंप्रेरित पद्धतीचा पर्यायही मांडला. गेओर्ग सायबोथ यांनी दिमारोगोनास व योहानसन यांच्यासह २०१३ साली ही गाठ अधिक चांगली सोडवली : मर्यादा केवळ काळावर अवलंबून ठेवली, त्यामुळे कर्त्याला स्वतःची स्थिती आणि स्वतःचा शेवटचा निरोप एवढेच पाहावे लागते. सांत अवधीत अनंत घटना घडण्याचा जो दोष झेनोच्या नावाने ओळखला जातो, तोही त्यांनी योग्य अटींखाली टाळला. या दोषाची चर्चा या क्षेत्रात इतकी झाली आहे की तिच्यात येथे भर घालण्याचे कारण नाही. झेनोचा प्रश्न अति बोलण्याचा आहे. अति न बोलण्याच्या प्रश्नाला असे एखादे भारदस्त नाव मिळाले नाही, आणि कदाचित त्यामुळेच प्रस्तावनांतून तो दुर्लक्षित राहिला.

घटनाप्रेरित व्यवस्थेत निरोप न येणे हाही एक निरोप असतो. शेजारी गप्प आहे, याचा अर्थ त्याची स्थिती त्याने शेवटी कळवलेल्या स्थितीपासून मर्यादेपेक्षा दूर गेलेली नाही. योरिस साइस आणि मिर्चा लाझार यांनी २०१२ साली स्थितीच्या अनुमानासाठी हा अर्थ जाणीवपूर्वक वापरला. संदेश नसलेल्या क्षणांतूनही त्यांनी माहिती काढून दाखवली. भाषेच्या अभ्यासकाला ही कल्पना घरची वाटेल. पाणिनीच्या व्याकरणात लोप म्हणजे जेथे काही दिसावयास हवे तेथे ते न दिसणे. आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे व्हावयाचे कार्य होतच राहते. रोमान याकोबसन यांनी १९३९ साली शून्यचिन्हावर लिहिलेल्या निबंधातही हाच विचार आधुनिक भाषाशास्त्राच्या चौकटीत आला. अभाव अर्थवाही होऊ शकतो, परंतु केव्हा? त्या जागी काय येऊ शकले असते हे ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तेव्हा. आणि अभाव खरोखर बोलणाऱ्याचाच आहे, वाटेत काही गळून पडलेले नाही, अशी खात्री त्याला असेल तेव्हा.

ही दुसरी अट भाषा कशी सांभाळते ते मराठीच्या एका साध्या उदाहरणावरून दिसेल. ‘दगड’ या शब्दाचे अनेकवचन ‘दगड’ असेच होते; अनेकवचनाचा प्रत्यय तेथे शून्य आहे. तरीही घोटाळा होत नाही, कारण ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ यांत क्रियापद वचन पुन्हा सांगते. नामाने जे गाळले त्याची साक्ष वाक्यात अन्यत्र ठेवलेली असते. गोंगाटात क्रियापदाचा शेवट ऐकू आला नाही, तर मात्र दगड एक की अनेक हे कळण्याचा मार्ग उरत नाही. भाषेतील पुनरुक्ती हा आळशीपणा नसून शून्याला अर्थ देणारा आधार आहे. भाषा शून्य वापरते ती या आधाराच्या बळावर.

घटनाप्रेरित नियंत्रण नेमका हाच आधार काढून घेते आणि शून्य तेवढे ठेवते. यातील अडचण केवळ निरोप हरवण्याची नाही. निरोप घड्याळी पद्धतीतही हरवतात. घड्याळी पद्धतीत एक ठोका हुकला तरी पुढचा ठोका ती चूक आपोआप दुरुस्त करतो, आणि ठोका हुकला हे ऐकणाऱ्यालाही कळते. घटनाप्रेरित पद्धतीत बोलणारा आपल्या स्थितीची तुलना ‘शेजाऱ्यास ठाऊक असलेल्या’ स्थितीशी करतो. पण शेजाऱ्यास काय ठाऊक आहे हे तो आपण काय पाठवले यावरून ठरवतो, शेजाऱ्यास काय पोचले यावरून नव्हे. निरोप वाटेत हरवला तर बोलणाऱ्याच्या हिशेबी फरक शून्यावर आलेला असतो, म्हणून तो निर्धास्तपणे गप्प बसतो; ऐकणारा जुन्याच माहितीवर चालतो आणि या मौनाचा अर्थ ‘सर्व काही पूर्ववत’ असा लावतो. एका हरवलेल्या निरोपातून दोघांचा गैरसमज जन्मतो आणि ज्या नियमाने मौनाला अर्थ दिला तोच नियम त्या गैरसमजाचे रक्षण करतो. पोच मागवावी हा उपाय सुचेल. परंतु पोच हीही एक निरोपच असते, तीही हरवू शकते, आणि वाचवलेल्या बोलण्याच्या खात्यातून तिचा खर्च वजा करावा लागतो. आणखी एक गोष्ट आहे. बाहेरचा क्षोभ नसेल तर सर्व कर्त्यांचे मतैक्य झाल्यावर कोणालाच बोलण्याचे कारण उरत नाही. पूर्ण मतैक्य आणि पूर्ण बिघाड यांचे बाह्य रूप या व्यवस्थेत एकच असते.

आता ‘पूर्वानुमानी’ या विशेषणाकडे वळावे. पूर्वानुमानी नियंत्रणात नियंत्रक केवळ आताची कृती ठरवत नाही, तर व्यवस्थेच्या प्रतिमानावरून पुढील काही पावलांची संपूर्ण योजना आखतो, तिच्यातील पहिले पाऊल अमलात आणतो आणि पुन्हा नव्याने योजना करतो. १९७० नंतरच्या दशकात तेलशुद्धी व रसायन उद्योगांत वाढलेली ही पद्धती विल्यम डनबार आणि मरे यांनी २००६ साली वाहनांच्या समूहास लावली. प्रत्येक वाहन आपली पुढची वाटचाल शेजाऱ्यांस कळवते आणि शेजारी ती गृहीत धरून आपली वाटचाल ठरवतात. मात्र यासाठी वाहनावर एक बंधन येते : नवी योजना करताना कळवलेल्या वाटचालीपासून फार दूर जावयाचे नाही. या बंधनाची नोंद गणितात एका असमिकेने होते. परंतु भाषिक दृष्ट्या येथे मूलभूत पालट झालेला असतो. जे स्वतःपुरते भाकीत होते ते शेजाऱ्यास कळवताच वचन झाले. जॉन ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून हा भेद भाषेच्या तत्त्वज्ञानात स्थिर झाला आहे. ‘पाऊस येईल’ हे खोटे ठरू शकते. ‘मी येईन’ हे मोडले जाते. मराठीचा भविष्यकाळ दोन्ही कामे एकाच रूपाने करतो हे खरे, पण ऐकणारा त्यांची गल्लत करीत नाही. नियंत्रणशास्त्राची परिभाषा मात्र दोहोंस ‘पूर्वानुमान’ असेच म्हणते आणि त्यामुळे चूक कोणत्या प्रकारची झाली हे सांगण्याची सोयच उरत नाही. प्रतिमान चुकले म्हणून वाट वेगळी झाली, की कर्त्याने शब्द फिरवला?

घटनाप्रेरणा आणि पूर्वानुमान यांचा संयोग झाला म्हणजे मौनाचा अर्थ आणखी जड होतो. खरी स्थिती अनुमानित स्थितीपासून पुरेशी ढळेपर्यंत कर्ता नवी योजना करीत नाही, नवा निरोपही देत नाही. आता त्याचे मौन ‘काही बदलले नाही’ एवढेच सांगत नाही. ते ‘दिलेला शब्द अजून पाळला जात आहे’ असे सांगते. व्यवहारात मौन हे संमतीचे लक्षण मानण्याची रूढी आहे. परंतु मौन हे वचनपालनाचे लक्षण मानण्यास रूढीही सहसा धजत नाही.

याहून गंभीर दोष हिशेबाचा आहे. जाळ्यातून होणाऱ्या नियंत्रणाच्या अभ्यासात पूर्वानुमानाचा एक वेगळा उपयोग आधीपासून होत आला आहे : नियंत्रक पुढील अनेक पावलांच्या आज्ञा एकाच संदेशात पाठवतो, म्हणजे मधले संदेश उशिरा आले किंवा हरवले तरी यंत्राजवळ शिदोरी असते. येथे पूर्वानुमान हा विमा आहे. घटनाप्रेरित पद्धतीत तीच शिदोरी बोलणे टाळण्यासाठी खर्च होते; येथे पूर्वानुमान ही बचत आहे. दोन्ही गुण एकाच पद्धतीच्या नावे जमा करणे म्हणजे एकच रुपया दोनदा खर्चणे होय. समजा, योजना दहा पावलांची आहे आणि प्रत्येक पाऊल सेकंदाच्या दहाव्या भागाचे आहे. कर्ता ठरल्याप्रमाणे आठ पावले गप्प राहिला आणि नवव्यापूर्वीचा निरोप हरवला, तर शिदोरीत दोन पावले उरतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मालमोटार तेवढ्या वेळात सुमारे साडेचार मीटर पुढे जाते. मौन जितके यशस्वी, तितका विमा तोकडा.

रेल्वेच्या अभियंत्यांनी मौनाचा अर्थ फार पूर्वी नेमका उलटा ठरवला होता. विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत १८७२ साली पेटंट घेतलेल्या रूळमंडलात रुळांतून सतत विद्युत्प्रवाह वाहतो आणि तो चालू असेल तरच सिग्नल मोकळा राहतो. गाडी रुळावर आली तरी प्रवाह तुटतो, तार तुटली तरी तुटतो, विद्युत्घट संपला तरी तुटतो. आणि प्रत्येक वेळी सिग्नल धोका दाखवतो. तेथे मौनाचा अर्थ एकच, थांबा. या पद्धतीत वीज सतत खर्च होते, हा तिच्यावरील आक्षेप खरा आहे. पण त्या खर्चाच्या बदल्यात शून्याची संदिग्धता नाहीशी होते. घटनाप्रेरित नियंत्रणात शून्य म्हणजे निर्धोक; आणि हा अर्थ निवडण्याचे कारण सांगितले जाते ते काटकसरीचे.

मग ही काटकसर तरी खरोखर साधते काय? श्टुटगार्ट येथील राइनर ब्लिंड आणि फ्रांक आलगोवर यांनी २०११ साली एक साधा प्रश्न विचारला : अनेक नियंत्रक एकाच माध्यमावर बोलत असतील आणि प्रत्येक जण आपापल्या घटनेबरहुकूम मनास येईल तेव्हा बोलू लागला, तर काय होईल? अशा अनियंत्रित बोलण्याच्या सर्वांत साध्या पद्धतीत, म्हणजे १९७१ साली हवाई विद्यापीठात सुरू झालेल्या अलोहा पद्धतीत, माध्यमाचा उपयुक्त वापर फार तर १८ टक्क्यांच्या आसपास पोचतो. बाकीचे निरोप परस्परांवर आदळतात किंवा जागा रिकामी जाते. घड्याळावर चालणाऱ्यांना पाळीपाळीने बोलता येते, घटनेवर चालणाऱ्यांना येत नाही. ओस्ट्रोम व बर्नहार्डसन यांचा तिपटीचा लाभ या आदळआपटीत नाहीसा होऊ शकतो, असे त्यांच्या विश्लेषणातून दिसले. त्याहून बोचरा निष्कर्ष २०२२ सालचा आहे. डाव्हिड माइस्टर, फ्रांक आउरझाडा, मिखाइल लिफशित्झ आणि आलगोवर यांनी अगदी साध्या कर्त्यांच्या मतैक्याचा प्रश्न घेऊन, बोलण्याची सरासरी संख्या सारखी ठेवून, दोन्ही पद्धतींची विश्लेषणाने तुलना केली. कर्त्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की घटनाप्रेरित पद्धती घड्याळी पद्धतीपेक्षा वाईट ठरते, हे त्यांनी सिद्ध केले. यात निरोप हरवण्याचा संबंधच नाही. एकट्या राशीच्या बाबतीत जे खरे होते ते समूहात उलटले, आणि ज्या क्षेत्राच्या नावातच ‘बहु’ आहे त्याच्या प्रस्तावना दीर्घकाळ एकट्याच्या प्रमेयावर उभ्या होत्या.

या निष्कर्षाचा विपर्यास मात्र होऊ नये. तो एका विशिष्ट आणि बऱ्याच सोप्या केलेल्या रचनेपुरता आहे. संवेदकाची विद्युत्घटावरील वीज वाचवणे हाच हेतू असेल, कर्ते थोडे असतील आणि माध्यम त्यांच्या मालकीचे असेल, तेथे घटनाप्रेरित पद्धतीची उपयुक्तता अबाधित आहे. शिवाय या क्षेत्रातील जाणते अभ्यासक मौनाच्या प्रश्नाकडे पूर्णतः पाठ फिरवून बसले आहेत असेही नाही. मॉरिस हेमेल्स, तिजस डॉन्कर्स आणि अँड्र्यू टील यांनी २०१३ साली घटना तपासण्याचे काम पुन्हा घड्याळावर आणले. प्रत्यक्ष यंत्रे उभारणारे अभियंते तर सांगण्यासारखे काही नसले तरी ठराविक काळाने ‘मी आहे’ एवढे कळवणारा संदेश ठेवतातच. गंमत अशी, की भाषेनेही हेच केले आहे : दूरध्वनीवर ऐकणारा मधूनमधून जो ‘हं’ म्हणतो त्यात आशय काहीच नसतो, पण तो थांबला की बोलणारा लगेच ‘हॅलो, हॅलो’ करू लागतो.

प्रमेयांत मात्र हा ‘हं’ अभावानेच आढळतो. नियम कर्त्याने केव्हा बोलावे याचा दिला जातो. शेजारी गप्प आहे हे पाहून ऐकणाऱ्याने काय समजावे, किती वेळ तसे समजावे आणि त्यानंतर काय करावे, याचा नियम बहुधा दिलेला नसतो. बोलणाऱ्याचे व्याकरण पूर्ण आहे. ऐकणाऱ्याचे अद्याप लिहावयाचे आहे. ते लिहिताना मौनाची कमाल मुदत ही गृहीतांच्या यादीत इतर अटींच्या बरोबरीने, आकड्यात, मांडावी लागेल आणि बचतीचा हिशेब त्या मुदतीनंतरच्या संदेशांसह करावा लागेल.